पाचव्या माळेला मोडलेला उपास

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी त्या लॅबमधल्या मुलीशी भांडले. म्हटलं, कुणाची तरी बाटली माझ्या नावावर लावली असणार. तिनं शांतपणे नाव, वय, वेळ सगळं दाखवलं. तरी माझं समाधान झालं नाही. मी दुसऱ्या लॅबमध्ये गेले आणि तिथलंही पटेना म्हणून तिसऱ्या. सत्तावीस वर्षं बाजार करणाऱ्या बाईला एका दुकानात भाव जमला नाही तर पुढच्या दुकानात जायची सवय असते. पण तिन्ही कागदांवर जवळजवळ एकच आकडा आला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला मधुमेह झाला होता, आणि त्यात घासाघीस करायला काही जागाच नव्हती.

मी बोरीवलीला राहते. नैवेद्याची ताटं करून देते. गणपती, नवरात्र, सत्यनारायण, श्राद्धपक्ष. ज्या घरांतल्या बायका नोकरीला जातात किंवा ज्यांच्या हातापायांत आता बळ राहिलं नाही, त्यांच्या देवापुढचं ताट माझ्या स्वयंपाकघरातून जातं. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा एका शेगडीवर, एकवीस मोदकांच्या ऑर्डरीपासून सुरुवात केली. आज चार बायका माझ्याकडे कामाला आहेत. हे मी कुणाच्या उपकारावर केलेलं नाही. नारळवाल्याशी, गूळवाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून केलं आहे. माझा आवाज चढतो, हे मला ठाऊक आहे. आमचे हे म्हणतात, तू फोनवर बोलतेस तेव्हा फोनची गरज नसते.

म्हणूनच मला संताप आला तो देवीचा. दिवसभर पुरण आणि साखर-खोबऱ्यात हात असले तरी मी स्वतः गोडाची फारशी नाही. नैवेद्य चाखायचा नसतो, त्यामुळे चवीपुरतंही माझ्या तोंडात जात नाही. मी वासावरून आणि बोटांना लागणाऱ्या चिकटपणावरून ओळखते. इतकी वर्षं मी तिच्या ताटात गोड वाढलं आणि तिनं मला हे वाढलं. देव्हाऱ्यापुढे उभं राहून मी तिला हे असंच बोलले. हात जोडलेले होते, पण ती काही प्रार्थना नव्हती.

स्टेशनजवळच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं दोन गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, भात अर्धा करायला सांगितला.

"किती महिने घ्यायच्या ह्या?" मी विचारलं.

"सध्या तरी रोज, काकू. तीन महिन्यांनी बघू."

"दोन्ही कशाला? एकच द्या. आणि दिवसाआड चालेल ना?"

ती हसली. "काकू, ही मंडई नाही हो." मग मात्र गंभीर झाली. "ही सकाळची गोळी नीट लक्षात ठेवा. ती घेतली की लगेच खायचं. उपाशी राहायचं नाही. उपासतापास करणार असाल तर आधी मला फोन करा, गोळी बदलावी लागेल."

मी मान हलवली. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते सांगायचं तर माझ्या मोठ्या जावेबद्दल लिहावं लागेल. आमचं कुळ मालवणकडचं. सासूबाई होत्या तोवर देवीचा घट मुलुंडला, थोरल्या दिरांच्या घरी बसायचा आणि आम्ही सगळे तिथे जायचो. सासूबाई गेल्या त्या वर्षी अष्टमीचा नैवेद्य करायला मी पहाटे इथून निघून मुलुंडला पोचले. बोरीवली आणि मुलुंड यांच्यामध्ये नुसतं जंगल आहे, पण जायला केवढा वळसा पडतो ते इथल्या माणसांना ठाऊक आहे. मी पदर खोचून ओट्याशी उभी राहिले तेव्हा माझी जाऊ चार नातेवाइकांसमोर म्हणाली, "तू रवांदे. नैवेद्य विकणारणीच्या हातचा आमच्या देवीक नको."

मी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं आणि चप्पल घालून परत आले. पुढच्या वर्षी माझ्या घरी वेगळा घट बसवला. त्याला चौदा वर्षं झाली. लग्नकार्यात समोर आलो तर मान हलवायची, तेवढंच. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट मी कुठेही सांगायची सोडत नसे. माझी जाऊ नऊ दिवसांचा उपास करायची नाही, फक्त उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. आणि गेली काही वर्षं तर तेही करत नाही, असं कानावर आलं होतं. मी नऊच्या नऊ दिवस करायची. "देवी कुणाची ते देवीला कळतं," असं मी नात्यातल्या बायकांना सांगत असे, म्हणजे ते तिच्यापर्यंत पोचेल. देवीच्या नावानं मी इतकी वर्षं खरं तर हेच करत होते.

म्हणून उपास सोडणं मला शक्य नव्हतं. उलट ह्या वर्षी मी देवीपुढे सरळ बोली लावली. घट बसवला, पहिली माळ चढवली आणि म्हटलं, मी नऊ दिवस फक्त एकवेळ फराळ करीन, तू माझी साखर उतरव. आणि गोळी? गोळीही मी रोज सकाळी घेत होते. धंद्यात माझा एक नियम आहे. एकाच दुकानदारावर विसंबायचं नाही, दोघांना ऑर्डर द्यायची. एकानं दगा दिला तरी दुसरा आहे. देवीलाही सांगितलं आणि डॉक्टरलाही सोडलं नाही, यात मला मी फार हुशारी केली असंच वाटत होतं. दोघींना एकमेकींचं कळू दिलं नाही, एवढंच.

आमच्या ह्यांनी बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं होतं. तिसऱ्या माळेला मी मोजलं. साखर उतरली तर नव्हतीच, थोडी वरच होती. साबुदाणा, बटाटा, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू खाल्ल्यावर दुसरं काय होणार, हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, देवीला माझी बोली कमी पडली. मंडईत समोरचा अडून बसला की मी थोडं वाढवते, तसंच केलं. चौथ्या माळेपासून फराळही बंद, नुसतं पाणी. हे म्हणाले, "अगो, डॉक्टरला विचार तरी." मी म्हटलं, "तुम्ही तुमचा चहा प्या."

पाचव्या माळेला सकाळी पूजा आटोपून मी नेहमीची गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि ओटीचं सामान घेऊन टेकडीवरच्या देवीला निघाले. आमच्या वस्तीच्या मागे, जंगलाच्या कडेला एक लहानशी टेकडी आहे. शंभरेक पायऱ्या असतील. सकाळी तिथे देवीला जाणारे असतात, तसे नुसते चढउतार करायला येणारेही असतात. पायथ्याशी नारळवाल्याशी माझं वाजलं. दर वर्षी वाजतं. पण त्या दिवशी मी त्याला काय बोलले ते मला नीट आठवत नाही, आणि भांडणातला शब्द मला आठवत नाही असं कधी होत नाही.

साठ-सत्तर पायऱ्या चढले असेन. ब्लाउज घामानं पाठीला चिकटला. हात कापायला लागले, ओटीतले तांदूळ सांडले. मागची एक मुलगी म्हणाली, "काकू, जरा बाजूला बसता का?" मी तिच्यावर ओरडले. आणखी कुणावर तरी ओरडले. साखर घसरली की माणूस चिडचिडा होतो, हे मला नंतर डॉक्टरनं सांगितलं. पण माझ्या बाबतीत ते ओळखणार कोण? मी ओरडते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच माझ्या ओळखीच्या कुणालाही वाटलं असतं. मलाही तसंच वाटत होतं.

एक बाई वरून खाली उतरत होती. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, गळ्यात लहानशी पिशवी. ती मला ओलांडून दोन पायऱ्या खाली गेली, थांबली आणि परत वर आली. माझं मनगट धरून म्हणाली, "ताई, साखरेची गोळी घेता का तुम्ही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सकाळी काय खाल्लंत?"

"उपास आहे माझा. नऊ दिवसांचा. हात सोडा."

तिनं हात सोडला नाही. मला पायरीवर खाली बसवलं, अगदी ओढूनच. पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली आणि दातांनी फोडली. "तोंड उघडा."

"मोडेल माझा उपास!"

"मोडू दे. तुम्ही मोडू नका म्हणजे झालं."

मी तोंड गच्च मिटून घेतलं. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तोपर्यंत मला समोरच्या पायऱ्या दोन-दोन दिसायला लागल्या होत्या, तरी मी तोंड मिटून बसले होते, कारण माझ्या डोक्यात एकच होतं: उपास मोडला तर सौदा मोडेल, आणि सौदा मोडला तर मुलुंडची हसेल. ती बाई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमचे मालक कंडक्टर होते. असेच घामाघूम झाले होते. घरात कुणी नव्हतं हो, ताई. मी भाजी आणायला गेले होते."

एवढंच म्हणाली. माझं तोंड कसं उघडलं ते मला माहीत नाही. तिनं ती पावडर माझ्या जिभेवर ठेवली, वरून पाण्याचा घोट दिला, मग दुसरी पुडी. आयुष्यभर मी साखर हातानं मोजली, पण गोड म्हणजे काय ते त्या पायरीवर कळलं. हळूहळू पायऱ्या एक-एक झाल्या. वरच्या घंटेचा आवाज ऐकू आला. आणि शुद्धीवर येताच मी पहिलं काय केलं? त्या बाईवर चिडले. म्हटलं, "चौदा वर्षांत माझा उपास मोडला नव्हता. तुम्ही मोडलात."

तिला राग आला नाही. म्हणाली, "चला, भांडायला लागलात. आता भीती नाही." आणि मला हाताला धरून एकेक पायरी उतरवलं.

खाली औषधाच्या दुकानात तिनं माझं बोट टोचून घेतलं. दोन पुड्या पोटात गेल्यानंतरही आकडा चौसष्ट होता. दुकानदार म्हणाला, सत्तरच्या खाली जाता कामा नये. तिनं मला बिस्किटं खायला लावली, ह्यांना फोन केला आणि ते रिक्षानं येईपर्यंत माझ्याशेजारी बाकड्यावर बसून राहिली. बोलता बोलता कळलं की ती ट्रॉम्बेची. इथे लेकीकडे चार दिवस आली होती. तिला स्वतःलाही साखर आहे, म्हणून लेक तिला रोज सकाळी टेकडी चढायला पिटाळते. मी तिला म्हटलं, "तुम्हाला देवीनं पाठवलं."

ती मोकळेपणानं हसली. "मला माझ्या लेकीनं पाठवलं, ताई. आम्ही बौद्ध. मी देवळात जात नाही, दारातून परत फिरते. पण तुम्हाला तसं वाटून बरं वाटत असेल तर वाटू द्या." ह्यांची रिक्षा आली. तिनं मला आत बसवलं, "जय भीम" म्हणाली आणि निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. पुड्यांचे पैसे विचारले नाहीत. जिच्याशी हुज्जत घातली तिच्याकडून मी आयुष्यात पहिल्यांदा मोल न देता काही घेतलं.

ह्या प्रसंगात चमत्कार आहे की नाही, ह्यावर मी वाद घालणार नाही. ती पायरी, ती वेळ आणि गळ्यातल्या पिशवीत पुडी असलेली ती बाई. कुणी योगायोग म्हणेल, म्हणो. मला एवढंच ठाऊक आहे की मी देवीकडे साखर उतरव म्हणून मागत होते, आणि तिनं माझ्या तोंडात साखर घातली.

खरा पेच घरी आल्यावर पुढे आला. आमच्या घराण्याची एक रीत आहे. घेतलेला उपास अर्ध्यावर सोडायचा नाही, आणि सुटलाच तर उरलेले दिवस कुळातल्याच दुसऱ्या सुनेनं पुरे करायचे. सासूबाईंनी हे दोघी सुनांना समोर बसवून सांगितलं होतं. कुळात दुसरी सून एकच. दुपारभर मी देव्हाऱ्यापुढे बसून पळवाटा शोधल्या. मुलीला सांगू का? ती लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली. गुरुजींकडून काही दान सांगून घेऊ का? मनात आलं, पण पहिल्यांदाच मला माझ्याच हुशारीची शिसारी आली. तोंडात अजून ग्लुकोजची चव होती. ह्यांनी फोन आणून मांडीवर ठेवला.

मी मुलुंडला लावला. जावेनंच उचलला. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "काय गो, आज वाट चुकलंस?"

मी सगळं सांगितलं. साखर, गोळी, टेकडी, पायरी. शेवटी म्हटलं, "पाच माळा झाल्या. चार उरल्यात. तुम्ही पुऱ्या कराल का?" असं विचारताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मला वाटलं, आता येईल चौदा वर्षांचं सगळं. पण ती म्हणाली, "माका खयचे उपास! सहा वर्षां झाली, दोन येळ पोटात सुई टोचून घेतंय."

इन्सुलिन. सहा वर्षं. आणि मी सहा वर्षं नात्यातल्या बायकांना सांगत होते की हिची देवीवरची माया आटली. ती मला काही बोलली नाही, पण ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. मीच पोचवलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"कसा माहीत असतला? तुया इचारलंस कधी?" तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. मग म्हणाली, "अष्टमीक इकडे ये. दोघी मिळान आईक सांगूया, आमच्याच्यान होणा नाय म्हणान. काय शिक्षा करूची ती दोघींका करूदे."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं मला चांगलंच झापलं. कुणी मला झापतंय आणि मी ऐकून घेते आहे, हे पाहायला आमचे हे खुर्चीत सरसावून बसले होते. तिनं सकाळची गोळी बदलली, खाण्याच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. मी गोळी कमी करा म्हटलं नाही.

अष्टमीला मी मुलुंडला गेले. जावेच्या केसांत आता काळं काही उरलेलं नाही. तिनं मला आत ये म्हटलं, पाणी दिलं, आणि त्या जुन्या वाक्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही काढलं नाही. ते माझ्या मनातून गेलं असं मी लिहिणार नाही, खोटं होईल. पण घटापुढे आम्ही दोघी शेजारी बसलो तेव्हा ते मध्ये बसलेलं नव्हतं. ती गुडघ्यांमुळे पाटावर, मी खाली. तिनं हात जोडले. मीही जोडले, आणि म्हणाले, "आई, माझ्याच्यानं होत नाही." हे वाक्य मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, ह्यांची नोकरी गेली तेव्हाही नाही. त्याला मी 'पण' जोडलं नाही, 'त्याबदल्यात' जोडलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं नुसतं हलकं वाटलं. मग जावेनं पदर बाजूला करून सुई घेतली आणि म्हणाली, "ऊठ गो, भाकरी निवता."

साखर माझी गेलेली नाही. ती जायची नसते, सांभाळायची असते, हे आता पटलं आहे. आकडा हळूहळू खाली येतो आहे. मी टेकडी रोज चढते. पांढरे बूट दिसले की वर पाहते, पण ती बाई पुन्हा भेटली नाही. जिथे असेल तिथे तिचं पोट भरलेलं असो आणि घरात कुणीतरी असो, एवढं मी रोज म्हणते.

एक गोष्ट मात्र बदलली आणि तिची सवय व्हायला मला वेळ लागला. जन्मभर मी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घातलं नव्हतं. आता सकाळी गोळी घेते, डॉक्टरनं सांगितलेली नाचणीची भाकरी आणि भाजी खाते आणि मग दिवा लावते. पहिले काही दिवस देवीकडे मान वर करून पाहवत नव्हतं. तिच्या आधी जेवल्याची लाज वाटायची. एके दिवशी लक्षात आलं, कुठली आई लेकराच्या आधी जेवते? आता मी खाऊन येते, हात धुते आणि तिच्यापुढे उभी राहते. पोट भरलेलं असतं. मागायचं काही सुचत नाही, म्हणून नुसतीच उभी राहते.